आधी कान, मग जीभ



पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याला लागले, की खेड-शिवापूर मागे पडल्यावर चेलाडी फाटा येतो. तेथून उजवीकडे वळले की भोर तालुक्यातील नसरापूर. पुढे तोच रस्ता वेल्ह्याकडे, राजगड-तोरण्याच्या पायथ्याकडे जातो. गावाजवळ शिवगंगा नदीच्या काठी दाट झाडीत बनेश्वराचे मंदिर आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी ते बांधले. पुण्याची माणसे रविवारी तेथे सहलीला जातात. आपल्या धर्मग्रामातील वीस-बावीस जण गेल्या पावसाळ्यानंतर तेथे गेले होते, त्यांच्यात आम्हीही होतो. निमित्त सहलीचे असले, तरी आपल्यापैकी काहींच्या मनात दुसरेच होते. त्यांना घंटा पाहायची होती.

ज्यांना ही हकिकत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १७३९ साली मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. किल्ल्यातील आणि आसपासच्या चर्चमधील घंटा विजयाची खूण म्हणून उतरवून देशावर आणल्या गेल्या व ठिकठिकाणच्या देवळांत बांधल्या गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या मंदिरात अशी घंटा आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आहे. तिच्यावर तर पवित्र मरिया आणि बाळ येशू यांची आकृती आहे. नसरापूरच्या बनेश्वरालाही तशीच एक घंटा आहे. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल आहे.

आपल्या धर्मग्रामात वसईहून नोकरीनिमित्त पुण्यात येऊन स्थायिक झालेली काही कुटुंबे आहेत. ती घंटा पाहताना त्यांच्या मनात काय आले असेल, हे वेगळे सांगायला नको. कुणी क्रूसावरून बोट फिरवले. कुणी मोबाईलवर फोटो काढले. तेवढ्यात जवळच्या पायरीवर बसलेले एक आजोबा काठी टेकत आमच्याजवळ आले. डोक्याला टोपी, अंगात मळका सदरा. त्यांनी आमच्याकडे पाहिले, वर घंटेकडे पाहिले आणि म्हणाले, "घंटा बघाया आलाय व्हय? आमची आई सांगायची, ह्या घंटंचं..."

वाक्य तेथेच राहिले. आमच्यातील एक जण उत्साहाने म्हणाला, "आजोबा, ही घंटा मूळची आमच्या चर्चची आहे बरं का!" दुसऱ्याने साल दाखवले. मग आम्हालाही राहवले नाही. आम्ही १७३९ सांगितले, चिमाजी अप्पा सांगितले, पोर्तुगीज सांगितले, मेणवली सांगितली. दहा मिनिटे तरी आम्ही बोलत होतो. आजोबा मान डोलावत उभे होते. शेवटी "आसंल, आसंल" म्हणाले आणि काठी टेकत झाडीकडे निघून गेले. आम्ही समाधानाने गाडीत येऊन बसलो. एका गावकऱ्याला त्याच्याच गावचा इतिहास आपण समजावून सांगितला, असे आम्हाला वाटत होते.

गाडी चेलाडी फाट्याजवळ आली असेल. तिसरीतली एक मुलगी मागच्या सीटवरून उठून आमच्याजवळ आली आणि तिने विचारले, "फादर, त्या आजोबांची आई काय सांगायची?"

आम्ही इकडे तिकडे पाहिले. गाडीतल्या कुणालाच सांगता येईना.

बंधू-भगिनींनो, घंटेला लोलक असतो, कान नसतो. प्रीतीवाचून बोलणारा माणूस नुसत्या वाजणाऱ्या धातूसारखा होतो, असे संत पौलाने करिंथच्या लोकांना लिहिले आहे, ते आपण लग्नाच्या मिस्सांत नेहमी वाचतो. त्या दिवशी घंटेखाली उभे राहून आम्हीच घंटा झालो होतो. आम्ही जे सांगितले ते सगळे खरे होते. ते पुस्तकातही मिळते. आजोबांच्या आईने जे सांगितले होते ते कोणत्या पुस्तकात मिळणार? त्या माउलीला ती घंटा कशी ऐकू आली होती, ओल्या बाळंतपणात की पटकीच्या साथीत, की पहिल्यांदा सासरी आली त्या दिवशी, हे एक माणूस सांगायला आपण होऊन आला होता. आम्ही त्याला आमचेच ऐकवून परत पाठवले.

त्या लहान मुलीच्या प्रश्नाने आम्ही संत मार्ककृत शुभवर्तमानाचा सातवा अध्याय पुन्हा उघडला. बहिऱ्या आणि तोतऱ्या माणसाचा प्रसंग आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. परिचयाची गोष्ट आपण नीट ऐकत नाही, म्हणून या वेळी सावकाश वाचली.

प्रभू येशू दकापलीसच्या प्रदेशात आहे. लोक त्या माणसाला घेऊन येतात आणि याच्यावर हात ठेव, अशी विनंती करतात. प्रभू लगेच हात ठेवत नाही. तो आधी त्याला गर्दीतून बाजूला घेतो. का बरे? गर्दीला चमत्कार पाहायचा होता आणि या माणसाला माणूस म्हणून कुणीतरी भेटायला हवे होते. मग प्रभू त्याच्या कानांत बोटे घालतो, थुंकीने त्याच्या जिभेला स्पर्श करतो. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्याशी तो स्पर्शाच्या भाषेत बोलतो. आपण बहिऱ्या माणसाशी काय करतो? आवाज चढवतो. (येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कानाने ऐकू न येणे हा दोष नव्हे आणि पाप तर नव्हेच. आपल्या धर्मग्रामातही असे बंधू-भगिनी आहेत आणि ते हातांनी, डोळ्यांनी आपल्यापेक्षा अधिक ऐकतात. आमचे बोलणे ज्यांचे कान धडधाकट आहेत त्यांच्याविषयी आहे.) मग प्रभू स्वर्गाकडे पाहून उसासा टाकतो आणि म्हणतो, एफ्फाथा. मोकळा हो, असा त्याचा अर्थ. संत मार्कने ग्रीक भाषेत लिहिताना हा एक शब्द प्रभूच्या मातृभाषेत, अरामी भाषेत, तसाच ठेवला आहे.

पुढे काय घडते त्याचा क्रम पाहा. आधी कान उघडतात, मग जिभेचा बंध सुटतो. माणूस नीट बोलू लागतो तो ऐकू आल्यानंतर. घरातल्या बाळाचेही असेच असते. ते वर्षभर नुसते ऐकते, मग पहिला शब्द बोलते. आपल्या स्नानसंस्काराच्या विधीतही हा एफ्फाथा आहे. धर्मगुरू बाळाच्या कानांना व ओठांना स्पर्श करून प्रार्थना करतो. त्या वेळी बहुतेक सर्व नातेवाइकांचे लक्ष फोटोग्राफरकडे असते. आपल्या प्रत्येकाचे कान त्या दिवशी प्रभूच्या नावाने उघडले गेले आहेत. ते पुन्हा केव्हा बंद झाले, याचा शोध घ्यायला हवा.

मराठीत 'ऐकणे' या शब्दाची एक गंमत आहे. 'आमचा मुलगा ऐकत नाही' असे आई सांगते, तेव्हा त्याच्या कानाची तक्रार नसते. तो सांगितल्याप्रमाणे वागत नाही, एवढाच अर्थ. सासू म्हणते सून ऐकत नाही. सून म्हणते हे ऐकत नाहीत. शिक्षक म्हणतात मुले ऐकत नाहीत आणि आम्ही धर्मगुरू म्हणतो लोक ऐकत नाहीत. पापनिवेदनाच्या वेळी आम्ही गेली अनेक वर्षे बसत आलो आहोत. रागावलो, खोटे बोललो, मिस्सा चुकवली, हे सगळे कानावर येते. 'फादर, मी माझ्या नवऱ्याचे ऐकून घेतले नाही', 'मी माझ्या आईला बोलू दिले नाही', असे म्हणणारे क्वचितच कुणी भेटते. 'ऐकत नाही' हे क्रियापद आपण नेहमी दुसऱ्याला लावतो. शलमोन राजा मात्र वेगळा निघाला. देवाने त्याला काय हवे ते माग म्हटले, तेव्हा त्याने ऐकणारे अंतःकरण मागितले. राज्य चालवायचे तर आधी आपल्याला ऐकता आले पाहिजे, हे त्या तरुण वयात त्याच्या ध्यानात आले होते. पुढे म्हातारपणी त्याचेही कान बंद झाले, ते वेगळे.

दुसऱ्याला खरेच ऐकायचे म्हणजे काय करायचे? आपण समजतो की गप्प बसले म्हणजे ऐकले. तसे नसते. समोरचा बोलत असतो आणि आपण मनात उत्तराची जुळवाजुळव करत असतो. तो श्वास घ्यायला थांबला की आपली गाडी सुटली. कुणी सांगावे, 'पाठ फार दुखते हो', की लगेच आपण म्हणतो, 'माझे तर विचारूच नका'. त्याची पाठ बिचारी तेथेच राहते आणि आपल्या कमरेची कहाणी सुरू होते. यात दुष्टपणा नसतो, हे मान्य. जवळीक दाखवण्याचीच ती एक रीत असते. पण त्या माणसाचे सांगणे मात्र अर्धवट राहते आणि असे चारदा राहिले की पाचव्यांदा तो सांगत नाही.

दुसरी सवय सल्ल्याची, आणि ती आमची म्हणजे धर्मगुरूंची खास आहे. येथे आम्हाला स्वतःचे एक पाप सांगायचे आहे. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही अशी काळजी घेऊन सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. रविवारच्या मिस्सानंतर दाराशी उभे राहून हस्तांदोलन करण्याची आमची पद्धत. एक गृहस्थ, वय पन्नाशीचे, एका रविवारी म्हणाले, "फादर, झोप लागत नाही." आम्ही म्हणालो, "रात्री चहा बंद करा." पुढच्या रविवारी ते पुन्हा म्हणाले, "फादर, झोप नाही." आम्ही म्हणालो, "जपमाळ करत पडा, आपोआप लागेल." तिसऱ्या रविवारी ते काहीच बोलले नाहीत, फक्त हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. मागे रांग होती. आम्ही त्यांच्या खांद्यावर थोपटले आणि पुढच्या माणसाकडे वळलो.

चौथ्या रविवारी ते आले नाहीत. आमच्या सॅक्रिस्तानने दोन दिवसांनी सांगितले की ते घर सोडून निघून गेले आहेत. मुलीच्या आजारपणासाठी त्यांनी राहते घर गहाण ठेवले होते आणि पत्नीला त्याचा पत्ता नव्हता. व्याज चढत गेले, घेणेकरी कारखान्याच्या गेटवर येऊ लागला. अकरा दिवसांनी ते मिरजेच्या स्टेशनवर एका ओळखीच्या माणसाला दिसले आणि परत आले, ही परमेश्वराची कृपा. आल्यावर ते आम्हाला भेटले. आमच्यावर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "फादर, मला उपाय नको होता. तुम्ही 'का झोप लागत नाही?' एवढे विचारले असते, तर मी तेथेच रडलो असतो."

चहा बंद करा, हा सल्ला चुकीचा नव्हता. जपमाळेचा तर नव्हताच. पण प्रार्थनेचा सल्लासुद्धा कधी कधी समोरच्याचे तोंड बंद करण्यासाठी वापरला जातो, हे आम्हाला त्या दिवशी कळले. ईयोबाचे तीन मित्र आठवा. त्याचे दुःख ऐकून ते लांबून आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कुणी एक शब्द बोलले नाही. तेवढे सात दिवस ते फार चांगले मित्र होते. आठव्या दिवशी त्यांनी उपदेशाला सुरुवात केली आणि पुढची सगळी प्रकरणे बिघडवली. त्यांच्या बोलण्यात देवाचे नाव पानोपानी आहे. तरी शेवटी देव रागावला तो त्यांच्यावरच.

मग बोलूच नये काय? तसेही नाही. अम्माउसच्या वाटेवर प्रभू येशू दोघा निराश शिष्यांना गाठतो. ते त्याला ओळखत नाहीत. तो त्यांना विचारतो, कशाविषयी बोलत चालला आहात? ते आश्चर्याने म्हणतात की यरुशलेमात घडलेले तुला एकट्यालाच ठाऊक नाही काय? वास्तविक ते त्याच्याइतके कुणाला ठाऊक होते? त्याच्याच अंगावर ते घडले होते. तरीही तो म्हणतो, काय घडले? आणि मग ते त्याला त्याच्याच मरणाची हकिकत सांगतात. तीत चुका आहेत, गैरसमज आहेत, बायकांच्या साक्षीवर त्यांचा विश्वास बसलेला नाही. प्रभू मध्ये तोडत नाही. त्यांची आशा कशी मावळली ते सगळे बाहेर येऊ देतो. त्यानंतर तो बोलतो आणि चांगले कडक बोलतो. त्यांच्या मंदबुद्धीवर बोट ठेवतो, मग शास्त्र उलगडून सांगतो. दुसऱ्याचे पूर्ण ऐकून घेणे म्हणजे त्याला मान डोलावणे नव्हे. मतभेद असू शकतात, चूक दाखवता येते. पण त्यांचे सांगून झाले होते, म्हणून प्रभूचे बोलणे त्यांच्या अंतःकरणापर्यंत पोहोचले.

आम्हाला नसरापूरला हे सुचले नाही. ठाऊक असलेली गोष्टही समोरच्याच्या तोंडून ऐकावी, हे प्रभूला जमले. आम्हाला तर जी ठाऊक नव्हती तीही ऐकता आली नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत ऐकण्याचे एक मोठे उदाहरण आहे. १५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज येशूसंघीय गोव्यात आला. आयुष्याची उरलेली चाळीस वर्षे त्याने बहुतेक गोव्याच्या साष्टी भागात काढली. तेथील नवख्रिस्ती लोकांची अडचण त्याच्यापुढे आली. त्यांची जुनी पुराणे बंद केली गेली होती आणि त्या जागी त्यांच्या भाषेत, त्यांना गाता-ऐकता येईल असे काहीच दिलेले नव्हते. ही मागणीच त्याच्या ग्रंथाच्या आरंभी एका श्रोत्याच्या तोंडून येते. एखाद्याने तिला कुरकुर समजून गप्प बसवले असते. स्टीफन्सने ती ऐकली. लोकांची भाषा, त्यांची ओवी, त्यांचे पुराण सांगण्याचे वळण त्याने कानात साठवले आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण मराठीत रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. या ग्रंथात श्रोते प्रश्न विचारतात आणि पाद्री उत्तर देतो. इंग्लंडात जन्मलेल्या माणसाने मराठीचा असा गोडवा गावा, याचे आपल्याला कौतुक वाटते. बोलण्यात त्याला यश आले, त्यामागे केवढे ऐकणे असेल! आणि प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे, की ज्या राजसत्तेच्या आश्रयाने तो आला होता तिने याच साष्टीत देवळे पाडली होती. घंटा उतरवल्या गेल्याचे दुःख आपल्याला होते, तसे कुणाला तरी त्या देवळांचेही होत असेल. तेही ऐकण्याची आपली तयारी हवी.

आपल्यापैकी अनेक घरे अहिल्यानगर जिल्ह्यातून, राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर या भागांतून आलेली आहेत. त्या घरांत 'निरोप्या' मासिक पिढ्यान् पिढ्या येत आले आहे. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीयाने ते सुरू केले. हे नाव आम्हाला फार आवडते. निरोप्या म्हणजे निरोप पोहोचवणारा. ज्याने निरोप नीट ऐकून घेतलेला नाही, तो पोहोचवणार काय?

अलीकडे सर्व ख्रिस्तसभेनेही हा धडा गिरवायला घेतला. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली सिनडच्या वाटचालीचा आरंभ केला, तो ऑक्टोबर २०२४ पर्यंत चालला. तिची पहिली पायरीच अशी होती, की प्रत्येक धर्मप्रांताने व धर्मग्रामाने आपल्या लोकांचे ऐकावे. २०२२ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशासाठीही त्यांनी हृदयाच्या कानाने ऐकणे हाच विषय घेतला होता. आपल्या धर्मग्रामातही तेव्हा सभा झाली, ती आपल्याला आठवत असेल. दोन तासांची सभा होती. त्यांपैकी सव्वा तास ऐकण्याचे महत्त्व सांगण्यात गेला आणि तो आम्हीच घेतला. उरलेल्या वेळात नेहमीचे चार जण बोलले. मागच्या बाकांवरच्या बायका, घरकाम करून थेट आलेल्या, शेवटपर्यंत गप्प होत्या. चहाच्या वेळी त्या आपसात भरभरून बोलत होत्या. अहवालात त्यांच्या नावे एक ओळ नाही. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी देवाघरी गेले. त्यांनी सांगितलेले काम आपल्याकडे तसेच पडून आहे, याची आम्हाला लाज वाटते.

त्या बायका का बोलल्या नाहीत, याचा आम्ही नंतर विचार केला. एकीला विचारलेही. ती म्हणाली, "इथं बोललं की उद्या पूर्ण चाळीत होतं, फादर." हे उत्तर आपण सर्वांनी मनावर घ्यायला हवे. ऐकणाऱ्याचे पोट मोठे लागते. कानावर आलेले आत ठेवता आले नाही तर ते ऐकणे म्हणजे बातमी गोळा करणे झाले. पापनिवेदनाचे गुपित धर्मगुरूने प्राण गेला तरी फोडायचे नसते, हे आपण जाणता. आर्सच्या संत जॉन व्हियान्नीकडे फ्रान्सच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येत आणि तो दिवसाचे पंधरा-सोळा तासही पापनिवेदन ऐकत बसे. तो मोठा वक्ता किंवा विद्वान म्हणून नावाजलेला नव्हता. सेमिनरीत लॅटिनने त्याला रडवले होते. माणसे येत, कारण येथे सांगितले ते येथेच राहील आणि येथे कुणी घाई करणार नाही, असा त्यांचा भरवसा होता. असा भरवसा आपल्या घरातल्या माणसांना आपल्याविषयी आहे काय? मुलगी दहावीला आहे, तिला काही सांगायचे आहे. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहते. 'आई, ऐक ना.' आईचे कुकरकडे लक्ष. 'बोल, ऐकतेय.' बाबांच्या हातात मोबाईल. ती दोन वाक्ये बोलते, तिसऱ्याला बाबा म्हणतात, 'अभ्यासाचे बघ आधी.' ती आत जाते आणि दार लावून घेते. मग काही दिवसांनी आईबाप आमच्याकडे येतात आणि विचारतात, 'फादर, ही आम्हाला काही सांगतच नाही. जरा तुम्ही बोलून बघा.'

म्हाताऱ्यांचे तर विचारूच नका. तीच गोष्ट ते दहादा सांगतात, हे खरे आहे. आम्हालाही कंटाळा येतो. आजारी भाविकांना ख्रिस्तप्रसाद द्यायला महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही घरोघरी जातो. बारा घरे दोन तासांत आटपायची असतात. एक आजी दर वेळी पानशेतच्या पुराची गोष्ट सांगतात. १२ जुलै १९६१, धरण फुटले, पुण्यात पाणी शिरले, त्या तेव्हा तरुण होत्या. गोष्ट आम्हाला पाठ झाली आहे. नसरापूरहून आल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही त्यांच्याकडे शेवटी गेलो, म्हणजे मागे दुसरे घर नको. त्यांनी पुराची गोष्ट सुरू केली. या वेळी आम्ही मध्येच विचारले, "आजी, त्या वेळी तुमच्या कडेवर कोण होते?" आजी थांबल्या. मग सांगू लागल्या. इतक्या वर्षांत ती गोष्ट नेहमी नदीच्या पाण्यापाशीच संपत असे, कारण ऐकणारा तेथे उठून जात असे. पुढचे ऐकायला कुणी बसलेच नव्हते. त्यांनी काय सांगितले ते आम्ही येथे लिहिणार नाही. त्यांच्या सुनेने मात्र स्वयंपाकघरातून येऊन तेथेच जमिनीवर बसकण मारली. तिलाही ते नवीन होते.

येत्या रविवारपासून दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या मागे आंब्याखाली दोन खुर्च्या ठेवल्या जातील. एका खुर्चीवर एक तास आम्ही किंवा सिस्टर बसू. दुसरी मोकळी असेल. विषय नाही, वही नाही, अहवाल नाही. ज्यांना धर्मगुरूंशी किंवा सिस्टरांशी बोलणे अवघड वाटते, त्यांनी आपसात तशा खुर्च्या मांडायला आमची हरकत नाही. फक्त ऐकलेले तेथेच ठेवावे.

राहता राहिले नसरापूरचे आजोबा. गेल्या महिन्यात आम्ही एकटेच पुन्हा बनेश्वराला गेलो. सोबत ती तिसरीतली मुलगी आणि तिचे वडील होते, कारण तिने तसा हट्टच धरला होता. पायरीवर आजोबा नव्हते. नाव ठाऊक नाही, तेव्हा विचारायचे कसे? टोपी, काठी, एवढ्याच खुणा. एका फुलवाल्या बाईंनी मात्र ओळखले. "ते व्हय! ते रोज न्हाई येत. सोमवारी येत्यात."

धर्मग्राम कार्यालयाला सोमवारी सुट्टी असते. येत्या सोमवारी सकाळच्या मिस्सानंतर आम्ही निघणार आहोत. त्या मुलीची शाळा आहे, म्हणून तिने प्रश्न कागदावर लिहून दिला आहे आणि त्याखाली बजावले आहे की फादरांनी मध्ये बोलायचे नाही.